चाकं एक इंच बाहेर

३ सप्टेंबर १९९५, रविवार. संध्याकाळी, आरतीहून आल्यावर.

आजपासून रोजनिशी. कारण पुढे कोणी विचारलं की दिनानाथ ह्या माणसाला मोहनने कसं आणि कोणत्या क्रमाने नमवलं, तर तारखा हाताशी हव्यात.

दिनानाथ म्हणजे इंदूचा थोरला भाऊ, माझा मेहुणा. युनिव्हर्सिटीत असिस्टंट रजिस्ट्रार. पांढरी मारुती. ढेकर देतानासुद्धा सही केल्यासारखा देतो.

घटना: मंडळाच्या गणपतीची आरती झाली, प्रसाद वाटणं चालू होतं. कोणीतरी सहज माझ्या गाडीची चौकशी केली. (गाडी म्हणजे सासरेबुवांची. लाल, दोन सीटची, उघडी, विलायती स्पोर्ट्स कार. ते गेल्यावर तिच्यात उंदीर राहत होते. मी चार वर्षं खपून ती चालू केली.) त्यावर दिनानाथ चाळीस माणसांसमोर म्हणाला, मोहनरावांची गाडी पाहिलीत का, सोवळ्यात असल्यासारखी उभी राहते. शिवाशीव नको म्हणून चाकं आत ओढून.

सगळे हसले. भटजी हसले. इंदू हसली. इंदू म्हणते, तिला ठसका लागला होता.

तसाच मैदागिनला गेलो. बनारसमधल्या आमच्या दुर्गाघाटाच्या गल्लीत एक म्हैस आली तर माणसाला दारात चढावं लागतं, त्यामुळे गाडी मैदागिनला सासरेबुवांच्या जुन्या दवाखान्याच्या आवारात असते. मागे उभा राहून नीट बघितलं. चाकं आत आहेत. बॉडीच्या चांगली अर्धा इंच आत. अपमान खरा निघाला की जास्त झोंबतो.

आणि वेळ ही. गाडी अजून सासूबाईंच्या नावावर आहे. त्यांनी जाहीर केलंय की ह्या दसऱ्याला त्या ह्याच गाडीतून गंगेपलीकडे, रामनगरला, सीमोल्लंघनाला जाणार, आणि तिथे सोनं वाटताना गाडी कोणाची ते सांगणार. उमेदवार दोन. एक मी, ज्याने गाडी जिवंत केली. दुसरा दिनानाथ, जो नुसता मुलगा आहे.

संकल्प: १. सूड. २. चहा दिवसातून दोनदाच.

५ सप्टेंबर, मंगळवार.

उपाय सापडला. गोदौलियाच्या फुटपाथवर जुनं इंग्रजी मोटारींचं मासिक मिळालं. त्यात लेख: व्हील स्पेसर. चाक आणि आसाच्या टोकाचा हब ह्यांच्यामध्ये बसवायची धातूची जाड चकती. चकती जेवढी जाड, चाक तेवढं बाहेर. फोटोही आहेत. आधीचा आणि नंतरचा. आधीची गाडी दिनानाथ म्हणाला तशी. नंतरची गाडी तालमीतून आल्यासारखी, पाय फाकून उभी.

लेखाचं शेवटचं पान फाटलंय. वर नुसता 'काळजी' एवढा मथळा उरलाय. काळजी करणाऱ्यांसाठी असेल.

बाकी चाकाबद्दल मला कोणी शिकवायला नको. मी रेल्वेत आहे. (रिझर्वेशनच्या खिडकीवर आहे, पण खातं एकच.)

चहा: चार. उद्यापासून.

८ सप्टेंबर, शुक्रवार. अनंत चतुर्दशी.

रामनगरला विष्णु खरादीकडे गेलो. लेथवर बसूनच बोलतो. गाडी बघून म्हणाला, बाबूजी, चार सूत काफी है. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी आठ सांगितले. पूर्ण इंच. इतकं कशाला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, घरगुती कारण आहे.

मग त्याने भीती घालायला सुरुवात केली. चाक ज्या खिळ्यांवर बसतं ते स्टड आखूड पडणार, लांब घालावे लागणार, आणि नटने स्टडचे किमान आठ आटे पकडायलाच हवेत. नहीं तो पहिया आपसे पहले घर पहुँच जाएगा, म्हणाला. कारागीर लोकांना काम मोठं करून सांगायची सवय असते. माप देऊन आलो. विश्वकर्मापूजेनंतर देतो म्हणाला.

घरी इंदू म्हणाली, उद्या पितृपक्ष लागतोय, त्यात नवी वस्तू घेत नाहीत. मी समजावलं की स्पेसर ही वस्तू नाही, अंतर आहे. अंतर घ्यायला पितरांची हरकत नसावी. ती उठून कुकर लावायला गेली. पटलं असावं.

१२ सप्टेंबर, मंगळवार.

परमेश्वर आहे. आज अकरा वाजता खिडकीसमोर खुद्द दिनानाथ. लखनौचं तिकीट हवं होतं. कशाला जातोस विचारलं तर म्हणाला, जरा काम आहे. जरा काम. लखनौला एक जुन्या मोटारी जमवणारा नवाबी माणूस आहे, हे मला माहीत नाही असं त्याला वाटतं. गाडी पदरात पडायच्या आधीच गिऱ्हाईक बघायला निघाला.

त्याला साइड अप्पर दिला. शेवटचा डबा. संडासाला लागून. खिडकीतून हसत हसत दिला. नोकरीला लागून अठरा वर्षं झाली, पण एवढं समाधान बढतीच्या दिवशीसुद्धा नव्हतं.

१५ सप्टेंबर, शुक्रवार.

दिनानाथ परत. घरी येऊन मुद्दाम मला सांगून गेला की झोप सुरेख लागली, वरच्या बर्थवर कोणी उठवत नाही, पुढच्या वेळी तोच द्या. येताना इंदूला रेवड्या आणल्या. मी खाल्ल्या नाहीत. (दोन. चव बघायला.)

१७ सप्टेंबर, रविवार.

विश्वकर्मापूजा. रामनगरला हेलपाटा. विष्णुने लेथला हार घातला होता आणि मशीन बंद. मी म्हटलं, एकच चकती राहिलीय, अर्धा तास लावा. त्याने कानाला हात लावले. आज के दिन औज़ार को हाथ नहीं लगाते, बाबूजी. लाडू दिले चार. अशाने देश पुढे कसा जाणार?

२१ सप्टेंबर, गुरुवार.

आज गणपती दूध पितोय. सबंध शहर लोटे घेऊन देवळांत. विष्णुसुद्धा दुकान बंद करून गेला. काम ठप्प. इंदूने मलाही रांगेत उभं केलं. पुढे दिनानाथ होता. त्याच्या चमच्यातलं दूध गेलं. माझ्या चमच्यातलं निम्मं माझ्या बाहीत गेलं. बाप्पाचीही बाजू ठरलेली दिसते.

दसऱ्याला बारा दिवस.

२६ सप्टेंबर, मंगळवार. दुसरी माळ.

झालं. बसले.

विष्णुने चार चकत्या अशा काढल्यात की त्यांत तोंड दिसतं. अल्युमिनियम. लांब स्टड मात्र हवे तेवढे लांब मिळाले नाहीत. एका जीपचे मिळाले, त्यांवर नट पाचच आटे पकडतो. विष्णु म्हणाला, चकती चार सूत कर देता हूँ, आठों चूड़ी पकड़ लेगा. मी ठाम राहिलो. पंचमहाभूतंसुद्धा पाचच आहेत आणि त्यांच्यावर जग चाललंय. त्याने लेथ बंद करून माझ्याकडे बघितलं. बहुतेक त्याने असा विचार पूर्वी ऐकला नसावा.

जाताना म्हणाला, पच्चीस किलोमीटर चलाकर सब नट दोबारा कसना, ज़रूर, नया एल्युमिनियम बैठता है. बरं म्हटलं.

चाकं आता मडगार्डच्या अर्धा इंच बाहेर आलीत. मडगार्डच्या कडा हातोडीने वर वळवाव्या लागल्या. थोडा रंग उडाला. थोडा म्हणजे चारही बाजूंचा.

पूल ओलांडून मैदागिनला आणली. स्टीअरिंग जड झालंय, म्हणजे पकड वाढलीय. चाळीसच्या वेगाला खालून गुणगुण येते. गाडी खुशीत आहे. एकच गोष्ट. टायर मडगार्डच्या बाहेर आल्यामुळे डबक्यातला चिखल आता बाहेर न जाता वर उडून आत येतो. उजव्या कानात गेला. पावसाळा सरला की हा प्रश्न आपोआप मिटेल.

२९ सप्टेंबर, शुक्रवार.

गाडी आवाराच्या फाटकात आडवी लावून प्रदर्शन. पानवाला लांबून म्हणाला, भइया, एकदम मेंढक लग रही है. बेडूक हा दणकट आणि रुंद प्राणी आहे. कौतुक म्हणून घेतलं.

सायंकाळी दिनानाथ आला. मी खांबाला टेकून उभा राहिलो, त्याचा चेहरा नीट दिसावा म्हणून. तो हसला नाही. धोतर सावरून चाकाजवळ उकिडवा बसला. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, नट कितीसे पकडतात, मोहनराव? मी म्हटलं, पुरेसे. तो म्हणाला, एकदा कुणाकडून बघून घ्या, आई बसणार आहे.

जळफळाट. शुद्ध जळफळाट. रात्री दोन पोळ्या जास्त गेल्या.

२ ऑक्टोबर, सोमवार. खंडेनवमी. सकाळ.

सासूबाईंकडे, म्हणजे दिनानाथच्याच घरी, शस्त्रपूजा. दरवर्षी तिथे सासरेबुवांचा स्टेथोस्कोप, विळी आणि दिनानाथचं पेन एवढंच असतं. पेन. रजिस्ट्रारचं शस्त्र.

मी आज जॅक, हातोडी, पक्कड आणि चाकाचा विलायती पाना नेला. हातभर लांब. त्या मापाचा दुसरा पाना सबंध बनारसमध्ये नाही, ह्या नटांना दुसरा काही लागतच नाही. मधोमध ठेवला. त्याच्यासाठी पेन बाजूला सरकवावं लागलं, ते मी स्वतः सरकवलं. सासूबाईंनी पान्याला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. दिनानाथचा चेहरा बघण्यासारखा होता. (त्याने वळून बघितलं नाही, पण बघितलं असतं तर नक्की असता.)

तोच दिवस. दुपारी २.

मैदागिनला जाऊन मीटर पाहिला. स्पेसर बसवल्यापासून एकतीस किलोमीटर झालेत.

विष्णुचे पंचवीस आठवले.

पाना पूजेत आहे.

पूजेतलं शस्त्र उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय हलत नाही. आमच्याकडे आज भाजीसुद्धा विळीवर चिरली नाही, इंदूने हाताने मोडली. इंदू म्हणते, त्यात काय, आईला सांगा, ती अक्षता टाकून काढून देईल, अडलेल्याला देवाची ना नसते. तिला परिस्थिती कळत नाही. म्हणजे मी दिनानाथच्या दारात उभं राहायचं आणि म्हणायचं की माझ्या चाकांचे नट कसायचे राहिलेत, जरा पाना द्या? त्याच्याकडून? ज्याने पेन सरकवलेलं पाहिलंय त्याच्याकडून?

नट हाताने फिरवून पाहिले. फिरले नाहीत. म्हणजे घट्ट आहेत. (एक फिरला. तो परत फिरवला.)

३ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा. सकाळ.

कार्यक्रम: २ वाजता निघणे. ३ ला रामनगर. ३.२० ला सोनं आणि निकाल. दिनानाथ इंदूला घेऊन मागून मारुतीतून येईल आणि सबंध रस्ता माझी चाकं बघेल.

एकच अडचण. तो वयाने मोठा, सोनं देताना त्याला वाकून नमस्कार करावा लागणार. आरशासमोर सराव केला. धोतराचा सोगा उचलायला वाकल्यासारखं करायचं आणि हात जाता जाता त्याच्या पायांजवळून न्यायचा. जमतंय.

तोच दिवस. संध्याकाळी ७.

क्रमाने लिहितो.

सासूबाई जांभळा शालू नेसून शेजारी बसल्या. मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी. फार खुशीत होत्या. म्हणाल्या, हे गेल्यावर पहिल्यांदाच बसतेय.

विश्वेश्वरगंजात डबकं आलं. वेग कमी केला असता तर मागच्याला वाटलं असतं की गाडीत दम नाही. चिखल वर आला. शालूवर, पिशवीवर, चष्म्यावर. सासूबाईंनी चष्मा पदराने पुसला. थोड्या वेळाने म्हणाल्या, ह्यांच्या वेळी चिखल बाहेर राहायचा.

राजघाटच्या पुलावर गुणगुणीचं धडधडीत रूपांतर झालं. त्यांनी विचारलं, हा ढोल कुठला? मी म्हटलं, रामनगरची रामलीला. म्हणाल्या, इतक्या लांबून?

पूल उतरून पडावच्या नाक्याला पोचलो आणि मागचा भाग डावीकडे झुलायला लागला. सासूबाईंनी माझा दंड धरला. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. गाडी रस्त्याच्या कडेला, पंक्चरवाल्याच्या टपरीला टेकून थांबली.

डावं मागचं चाक तिरकं झालेलं. चारांतले दोन नट गेले होते. उरलेले दोन शेवटच्या आट्यावर. पंक्चरवाला म्हणाला, माताजी, पाँच मिनट और चलतीं तो गंगा मइया बुला लेतीं. गंगा मागे राहिली होती, पण मी ते निदर्शनास आणून दिलं नाही. मी टपरीचा खांब धरून उभा होतो.

मागून मारुती थांबली. दिनानाथ उतरला. तो हसेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं उत्तर होतं. तो हसला नाही. आधी आईला धरून उतरवलं, टपरीच्या बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं. मग मारुतीची डिकी उघडून माझा पाना काढला. कुंकू लावलेला, झेंडू अजून चिकटलेला. सकाळीच आईकडून अक्षता टाकून घेतला होता म्हणे. वाटेत लागला तर असावा म्हणून.

आणि नव्या धोतरात तो रस्त्यावर गुडघे टेकून बसला. चारही चाकं उतरवली, चारही स्पेसर काढले. कमी पडलेले दोन नट दुसऱ्या चाकांवरचा एकेक काढून भागवले. मी नट पुसून देत होतो. एक तास दहा मिनिटं. मुहूर्त गेला. सासूबाई म्हणाल्या, गंगा ओलांडली ना, झालं सीमोल्लंघन, आणि तिथेच, टायरांच्या ढिगापाशी, चिखल झटकून सोनं वाटलं.

मला दिनानाथला सोनं द्यायचं होतं. तो शेवटचा नट कसत खाली बसलेला. बसलेल्या माणसाच्या पायांपर्यंत हात न्यायचा तर सोगा-बिगा काही चालत नाही. मला पार रस्त्याला टेकावं लागलं. पंक्चरवाला बघत होता. दिनानाथने काळ्या हाताने मला उठवलं आणि म्हणाला, लागलं नाही ना कोणाला, मग झालं.

सासूबाईंनी पिशवीत हात घालून काही कागद अर्धे बाहेर काढले. बघितले. परत आत ठेवले. गाडीबद्दल एक अक्षर नाही. येताना त्या मारुतीत बसल्या. नट कमी म्हणून गाडी टपरीपाशीच ठेवून मीही मागे बसलो.

लखनौच्या नवाबाचे कागद असणार. दिनानाथ जिंकला. मी हरलो, पण गाडी विकली की तिच्यात तोही बसणार नाही, एवढंच समाधान.

४ ऑक्टोबर, बुधवार. सकाळ. रजा टाकली.

इंदूने सगळं सांगितलं. पोहे करता करता, माझ्याकडे न बघता.

ते कागद गाडीच्या नावबदलीचे होते. माझ्या नावावर करायचे. सासूबाईंनी सही केलेले. गाडीची मूळ नोंद लखनौची निघाली, म्हणून दिनानाथ तिथे गेला होता. नंतर इथल्या आरटीओच्याही तीन फेऱ्या त्यानेच मारल्या. गणपतीत ज्या संध्याकाळी तो चाळीस माणसांसमोर बोलला, त्याच संध्याकाळी घरी जाऊन आईला म्हणाला होता, गाडी मोहनरावांना द्या, मेलेली होती, त्यांनी उठवली.

म्हणजे तीन सप्टेंबरलाच गाडी माझी होती. मी महिनाभर घरी नुसता चहा पीत बसलो असतो तरी काल ती मला मिळाली असती.

मला का नाही सांगितलं, असं विचारलं. इंदू म्हणाली, आईला सोन्याबरोबर द्यायची होती. आणि तुम्ही इतके खुशीत होतात. सकाळी हाक न मारता उठत होतात.

सासूबाईंचं आता म्हणणं असं की चालती गाडी मोहनरावांनी कोणाला दाखवायला मोडली? मी देवाघरी गेले असते त्याचं काही नाही, पण ती गाडी ह्यांची होती. पुढच्या दसऱ्याला बघू. तोवर किल्ली दिनूकडे. दिनानाथ रात्री अर्धा तास त्यांच्याशी माझ्यासाठी भांडला. त्याने काहीही करावं, साइड अप्परवर झोपावं, रेवड्या आणाव्या, पण माझी रदबदली करायला नको होती. त्याच्यावर राग धरायला आता एकसुद्धा जागा उरली नाही. फार वाईट वाटतंय. शालूचंही वाईट वाटतंय. तो त्यांच्या लग्नातला होता.

तोच दिवस. दुपार.

दिनानाथ आला होता. गाडी अजून पडावलाच उभी आहे, आणायला जाऊ या म्हणाला. सकाळीच विष्णु खरादीकडून नवे नट काढून आणले होते, माप बरोबर निघालं. स्वतः बसवले. मग उजवीकडचं, स्टीअरिंगच्या बाजूचं दार उघडून धरलं आणि विचारलं, बसता ना मोहनराव. मी डावीकडे जाऊन बसलो.

पुलावर त्याने चाळीसला नेली. खाली काही वाजलं नाही, हात हलला नाही, डबक्यांतला चिखल बाहेर राहिला. गाडी सुरेख चालत होती. त्याने मला विचारलंही, कशी वाटते. मी म्हटलं, बरी आहे.